गाडी थांबली, दुकान चालले

मराठीच्या प्राध्यापकाकडे माणसे कशासाठी येतात? कुणाला लग्नपत्रिकेचा मजकूर हवा असतो, कुणाला निवृत्त होणाऱ्या साहेबांचे मानपत्र, तर कुणाला बारशासाठी नाव. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्या घाटकोपरच्या घरी आली. तिलाही नावच हवे होते. पण बाळाचे नव्हे, दुकानाचे.

"दुकान कुठे आहे?" मी विचारले.

तिने मोबाइल पुढे केला. गोरेगावातल्या एका गोदामामागे, गुडघाभर गवतात, मोटारीच्या मागे जोडून ओढायचा एक जुना ट्रेलर उभा होता. पाठ कासवासारखी गोल, पत्रा निस्तेज, एक खिडकी फुटलेली. चित्रपटवाल्यांनी कधीकाळी तो रंगभूषेची खोली म्हणून वापरला होता. पुढे वातानुकूलित व्हॅनिटी व्हॅन आल्या आणि हा बिचारा अडगळीत गेला.

"सर, हेच दुकान!"

आमच्या सौभाग्यवतींनी चकल्यांची बशी खाली ठेवली, चष्मा लावला आणि फोटो निरखून पाहिला. "अगं, ह्याला दुकान म्हणायचं की भंगार?"

मुलगी हसली, पण डगमगली नाही. आईच्या हातची थालीपिठे, साबुदाण्याची खिचडी, संकष्टीला उकडीचे मोदक, असा तिचा बेत तयार होता. गाळ्याची पागडी किंवा भाडे परवडत नव्हते. ट्रेलर मात्र वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून घेता येत होता. वडील 'बेस्ट'मध्ये वाहक होते आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षे त्यांनी अंधेरीच्या दुमजली बसवर काढली होती. हे ऐकले आणि मीही गंभीर झालो. वाहकाचा पैसा म्हणजे अक्षरशः तीस वर्षे उभे राहून मिळवलेला पैसा. तो गंजक्या पत्र्यात घालावा की नाही, याचा सल्ला ती मला विचारत होती!

जुन्या गाड्यांचा दुसरा जन्म

सल्ला देण्याआधी थोडे वाचावे, ही आमच्या धंद्याची खोड. वाचले तेव्हा कळले की मुलीची कल्पना काही जगावेगळी नाही.

हौसेच्या प्रवासासाठी घरासारखी गाडी बांधून घेण्याचा मान साधारणपणे डॉ. गॉर्डन स्टेबल्स या लेखकाला दिला जातो. त्याची 'वाँडरर' ही दोन घोड्यांची गाडी १८८५ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या कारखान्यात तयार झाली. अमेरिकेत वॉली बायम याने १९३१ च्या सुमारास 'एअरस्ट्रीम' नावाने ट्रेलर विकायला सुरुवात केली. त्याची १९३६ ची 'क्लिपर' अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिबिटांनी जोडून, विमानासारखी बांधलेली होती. आज जगभर अशा जुन्या गाड्या घासूनपुसून कॉफीची नाही तर फुलांची दुकाने थाटली जातात.

पण खरी बोधप्रद गोष्ट त्याही आधीची आहे. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरी वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस १८७२ पासून घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणे विकू लागला. वर्तमानपत्राचे कामगार हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. त्याचे पाहून पुष्कळांनी गाड्या काढल्या. तेव्हा ठिकठिकाणच्या नगरपालिकांनी वेळेची बंधने घातली, आणि सकाळी रस्ता मोकळा करावा लागू लागला. मग मालकांनी काय केले? कोपऱ्यावरची एखादी जागा भाड्याने घेतली आणि गाडी तिथे कायमची उभी केली. अमेरिकेतल्या प्रसिद्ध 'डायनर' खाणावळींचा वंश तिथून सुरू होतो.

आपल्याकडेही तेच. मध्य रेल्वेने ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सेवेतून काढलेल्या एका डब्याचे उपाहारगृह केले. एका वेळी चाळीस माणसे जेवतील एवढी त्यात सोय. पुढे नागपूर आणि इतर स्थानकांतही असे डबे आले. पुण्यात उल्का सादलकर आणि राजीव खेर यांनी २०१६ पासून शहर बससेवेच्या मोडीत निघालेल्या गाड्यांची स्त्रियांसाठी 'ती' नावाची स्वच्छतागृहे केली. ही सारी उदाहरणे पडताळून पाहिली, तर एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. गाडी दुरुस्त झाली म्हणून तिला दुसरा जन्म मिळाला असे नाही. तिला हक्काने उभे राहायला जागा मिळाली, म्हणून मिळाला.

उलट ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचे काय झाले? मुंबईत दुमजली ट्राम १९२० साली आली आणि दुमजली बस १९३७ साली. १९९० च्या दशकाच्या आरंभी अशा सुमारे नऊशे बसेस शहरात होत्या. जुन्या डिझेलवरच्या दुमजली बसची प्रवासी सेवा १५ सप्टेंबर २०२३ रोजी संपली. शेवटची बस अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला जाणारी, ४१५ क्रमांकाची. मुलीचे वडील त्या दिवशी मुद्दाम अंधेरीला गेले होते. फुलांनी सजवलेल्या बसला त्यांनी हात लावला आणि घरी येऊन न जेवता झोपले. आठवण म्हणून एखादी बस जपली गेली. बाकीच्या भंगारात गेल्या.

गंज कुठे असतो?

एका रविवारी आम्ही गोरेगावला गेलो. बरोबर मुलीच्या शेजारचे एक निवृत्त फिटर होते. त्यांनी ट्रेलरच्या रंगाकडे पाहिलेही नाही. ते थेट खाली झोपले आणि सांगाड्याच्या लोखंडावर पेचकसाची मूठ ठोकीत सुटले. टणक आवाज आला की पुढे, बद्द आवाज आला की खडूची खूण. मग आत जाऊन दाराशी आणि कोपऱ्यांत टाचेने जमीन दाबून पाहिली. तळाचा प्लायवूड दोन ठिकाणी बिस्किटासारखा चुरला.

"अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं म्हणतात ना?" मी आपले ज्ञान पाजळले.

"लोखंडासारखं नाही गंजत, मास्तर. पण लोखंडाच्या स्क्रूशी त्याची गाठ पडली आणि वर खारं पाणी मिळालं, की अ‍ॅल्युमिनियमचं पांढरं पीठ होतं. हे बघा." त्यांनी नखाने पत्रा खरवडला. खरेच पीठ पडले!

मुंबईत तर समुद्राची हवा, आणि सांताक्रूझला पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. पाणी शिरते ते छपराच्या जोडांतून आणि खिडक्यांच्या कडांतून. डाग दिसतो एकीकडे आणि भोक असते भलतीकडेच. म्हणून आधी छप्पर, मग सांगाडा, मग तळ, त्यानंतर वीज, आणि रंग सर्वांत शेवटी, असा क्रम त्यांनी घालून दिला.

तो क्रम सुरुवातीलाच मोडला. ट्रेलर घेतला, तोही कागदपत्रांची मुदत कधीच संपलेला. म्हणून ओढून न नेता क्रेनने ट्रकवर चढवून, जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने रात्री मुलुंडला आणला. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच असतो, त्याचीही नोंदणी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. काम ज्या पहिल्या कारागिराला दिले, त्याने आगाऊ रक्कम घेतली आणि दोन महिन्यांनी चकचकीत पिवळा ट्रेलर दाखवला. घरची मंडळी खूश! फिटरकाकांनी खाली वाकून पेचकस टोचला, तो सरळ आत गेला. कुजलेल्या लोखंडावर लांबी भरून वर रंग फासला होता. पैसे गेले ते गेलेच.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. मुलगी रडत होती, आई गप्प होती. वडील इतकेच म्हणाले, "तिकीट फाटलं, प्रवास झाला नाही. दुसऱ्या बसने जाऊ."

पुढचे काम फिटरकाकांच्या देखरेखीखाली झाले. कुजलेले दोन आडवे बार कापून नवे वेल्ड केले, तळाला मरीन प्लाय घातला, लोखंडी स्क्रू काढून टाकले. गॅसचा सिलिंडर बाहेरच्या जाळीच्या कपाटात ठेवला आणि तळाशी झडपा ठेवल्या. कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. खरेदीला एक रुपया लागला, तर दुरुस्तीला तीन लागले. हे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे.

उभे राहायचे कुठे?

मी मात्र या साऱ्या काळात एकच प्रश्न विचारीत होतो, आणि तो सर्वांना कंटाळवाणा वाटत होता. उभे कुठे करणार?

"सर, चाकं आहेत ना! जिथे गर्दी तिथे जाऊ," मुलगी म्हणे.

पण चाके आहेत म्हणून रस्ता आपला होत नाही. रस्त्यावर विक्री करायची तर २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीने ठरवलेली जागा आणि विक्रीचे प्रमाणपत्र त्यात लागते. ते नसेल तर महापालिकेची गाडी आली की पहिला प्रश्न सामान उचलण्याचा. हातगाडीवाला निदान पळू तरी शकतो. ट्रेलर कुठे पळणार? खासगी जागेत उभे राहिले तरी खाद्यपदार्थांसाठी महापालिकेचा परवाना आणि अन्नसुरक्षेची नोंदणी हवीच.

शेवटी मुलीच्या मामांची आठवण झाली. मुलुंडला त्यांची लेथची शेड बंद पडून होती आणि तिच्यापुढे रस्त्याला लागून अंगण होते. मामा म्हणाले, "भाचीकडून भाडं कसलं घ्यायचं?" मी म्हटले, "घ्या, आणि करारही लिहा. उद्या जागा विकायची वेळ आली, तर नातं आणि दुकान दोन्ही वाचायला हवीत." मामांना ते लागले, पण त्यांनी करार केला. परवान्यांसाठी तीन महिने खेटे घातले. अखेर अक्षय्यतृतीयेला दुकान उघडले.

खरी परीक्षा पावसाळ्याची होती. जुलैतल्या एका रात्री धो धो पाऊस पडत असताना वडील छत्री घेऊन ट्रेलरमध्ये जाऊन बसले. पहाटे चार वाजता त्यांनी मुलीला फोन केला, "एक थेंब. खिडकीपाशी. बाकी कोरडं." त्या एका थेंबाचा बंदोबस्त दुसऱ्याच दिवशी झाला.

आता फायदा किती, असे वाचक विचारतील. सांगतो. भाडे, सामान, वीज आणि मदतीच्या बाईंचा पगार जाऊन घरखर्चाला हातभार लागतो. वडिलांची रक्कम परत यायला अजून तीन-चार वर्षे लागतील. श्रीमंती नाही, पण उधारीही नाही. म्हणून जुनी गाडी घेऊन धंदा करू पाहणाऱ्या तरुणांना माझे सांगणे एवढेच, की आधी जागा बघा, मग सांगाडा, आणि रंगाची वही सर्वांत शेवटी उघडा.

नावाचे राहिलेच. एसटीच्या रस्त्याला लागून पाटी असते ना, तेच नाव मी सुचवले: 'विनंती थांबा'. वडिलांना ते फार आवडले. गल्ल्यावर तेच बसतात. दाराशी त्यांनी दोरी बांधून एक घंटा टांगली आहे. थालीपीठ तयार झाले की आतून एक टोल, पैसे मिळाले की बाहेरून दोन. दोन टोल म्हणजे गाडी सोडा, हे बसने फिरलेल्या प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे.