पाण्यावरची करोडगिरी

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या पोत्यांत वाढलेल्या माणसाला समुद्राचं काय कळणार? पण नाका आम्हाला नवा नाही. हा मुलूख निजामाचा होता तेव्हा करोडगिरीच्या नाक्यावर माल अडे आणि जकात भरली की सुटे. कान्होजी आंग्र्यांचं दस्तक मला समजलं ते याच वाटेनं.

दस्तक म्हणजे परवाना. कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्यानं तो पैसे मोजून घ्यायचा. नसला तर गलबत मालासकट जप्त. ही कल्पना कान्होजींची नव्हे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज 'कार्ताझ' देत, आणि मोगल बादशहाची जहाजंही तो घेत. युरोपातले राजे तर खासगी जहाजमालकांना शत्रूची जहाजं लुटण्याची सनदच देत. ती प्रथा मोडली १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानं. कान्होजी तसे खासगी धंदेवालेही नव्हते, ते मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. तरी इंग्रजांच्या दप्तरात ते 'चाचे'!

भांडणाचं मूळ कागदातच होतं. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनीही आपले पास देई, आणि त्यांच्या आडून देशी व्यापाऱ्यांचा माल फुकट निसटतो, अशी कान्होजींची तक्रार होती. मला ती रास्त वाटते.

जप्ती करणारी जोडी मात्र पाहण्याजोगी. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेवरून समोर मारा करणाऱ्या तोफांची. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी खिळे. मग गलबतं गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला नेत. त्याच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना, म्हणून मागून येणाऱ्याला भीती कमी. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचं 'ॲन' हे जहाजच धरलं गेलं. त्यावरच्या एका इंग्रज विधवेच्या सुटकेसाठी तीस हजार रुपये मोजावे लागले. पुढे १७१८ ला खांदेरीवर आणि १७२१ ला, पोर्तुगीजांना सोबत घेऊन, कुलाब्यावर इंग्रज चालून आले. दोन्हीकडून हात हलवत परतले.

कान्होजी १७२९ मध्ये गेले. त्यांचे पुत्र तुळाजी यांचं पेशव्यांशी बिनसलं, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गासमोर इंग्रज आरमार आलं ते पेशव्यांशी करार करून. आग आधी लागली ती 'रेस्टोरेशन'ला, म्हणजे आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच धरलेल्या जहाजाला. तिथून ती बाजूच्या गुराबांवर गेली आणि सगळं आरमार जळालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले. ते सुटले नाहीत.