जुनी मारुती ८०० मिसिंग करतेय? आधी गरम होऊ द्या

जळगावहून निघालेली कार्बोरेटरवाली मारुती ८०० पारोळ्यापर्यंत गुमान येते आणि धुळ्यापुढे लळिंगच्या चढाला झटके द्यायला लागते. मेकॅनिककडे नेईपर्यंत इंजिन थंड, मिसिंग गायब! म्हणून थंड गाडी तपासण्यात अर्थ नाही. भर उन्हात दमवा, तेव्हाच बघा.

या ७९६ सीसी इंजिनाला सिलिंडर तीनच. एक रुसला की ताकदीचा तिसरा हिस्सा गेला. कोणता रुसलाय? इंजिन आयडलला ठेवून, रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून लावा. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तिचाच सिलिंडर दोषी. (एमपीएफआय गाडीवर हा प्रयोग नको, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.)

मग तो प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पेट्रोलने ओलं असेल तर बहुधा करंट येत नाही. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडतंय.

करंटचा संशय असेल तर रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. वायरींवरून निळसर ठिणग्या उडताना दिसल्या तर वायरी बदला. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत केसाएवढी काळी रेघ दिसली तर कॅप गेली. तिन्ही सिलिंडर एकदम झटके देत असतील तर कॉईल बघा. तापली की तिच्या आतली तार सुटते, निवली की पुन्हा टेकते.

आपल्याकडे मिसिंग म्हटलं की आधी कार्बोरेटर खोलतात. भाऊ, तो सगळ्यात शेवटी खोला.