‘सॉरी’ म्हणणाऱ्यांचा देश

गर्दीच्या लोकलमध्ये आपण एखाद्याच्या पायावर पाय दिला, तर तो काय म्हणेल हे इथे छापण्याजोगे नाही. कॅनडात मात्र, म्हणे, ज्याचा पाय चेंगरला तोच आधी ‘सॉरी’ म्हणतो! ही थट्टा कॅनडाच्या लोकांनीच स्वतःची चालवलेली आहे. आणि गंमत अशी, की तिथल्या ऑन्टॅरिओ प्रांतात २००९ सालापासून माफीविषयी एक कायदाच आहे. कोणी ‘माफ करा’ म्हटले, एवढ्यावरून दिवाणी दाव्यात त्याने दोष कबूल केला असे धरू नये, असे तो कायदा सांगतो.

आज हा देश आपल्याला परका राहिलेला नाही. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतून दिवाळीच्या आधी चकल्या-करंज्यांचे डबे टोरंटोच्या वाटेला लागतात. पण तिथल्या माणसाला अभिमान कशाचा वाटतो, असे कोणी विचारले तर आपण थंडी आणि डॉलर यांच्यापुढे जात नाही. ना शिवरायांसारखा राष्ट्रपुरुष, ना स्वातंत्र्ययुद्ध. मग हा देश आपले म्हणून उराशी धरतो तरी काय?

हत्तीशेजारचे बिऱ्हाड

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती शेजाराची. अमेरिकेची लोकसंख्या कॅनडाच्या आठपट, भाषा बहुतांशी एकच, आणि कॅनडाची बहुतेक वस्ती सरहद्दीला चिकटून. १९६९ साली पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकनांना तोंडावरच सांगितले होते, की तुमच्या शेजारी राहणे म्हणजे हत्तीशेजारी निजणे. हत्ती कितीही गरीब स्वभावाचा असो, त्याने कूस बदलली की आमची झोप मोडते.

या शेजारापुढे आपले गाणे ऐकू यावे म्हणून १९७१ साली नियम झाला, की रेडिओवरच्या संगीतात निदान तीस टक्के कॅनडाचे असले पाहिजे. पुढे दूरदर्शनच्या एका विनोदी कार्यक्रमाला ‘दोन मिनिटे खास कॅनेडियन मजकूर द्या’ अशी ताकीद मिळाली. तेव्हा दोन नटांनी लोकरीच्या टोप्या घातल्या, बियरच्या बाटल्या समोर ठेवल्या आणि निरर्थक गप्पा मारल्या. केला होता उपहास. पण लोकांना ते दोन बावळट भाऊ इतके आवडले, की तेच राष्ट्राचे लाडके झाले!

त्याच दशकात एका रेडिओ कार्यक्रमाने श्रोत्यांना ‘अमुकइतका कॅनेडियन’ अशी उपमा पुरी करायला सांगितली. बक्षीस मिळवणाऱ्या उत्तराचा भाव होता : परिस्थितीत जेवढे जमेल तेवढा कॅनेडियन. या उत्तरावर तो देश अजून हसतो, आणि ते खरे आहे हेही जाणतो.

झेंडा आला, तोही उशिरा

१९४७ च्या जुलैत आपल्या घटना समितीने तिरंगा स्वीकारला, तेव्हा कॅनडाला स्वतःचा असा झेंडाच नव्हता. १८६७ साली जन्मलेल्या या देशात ‘कॅनडाचा नागरिक’ ही कायदेशीर ओळखसुद्धा १ जानेवारी १९४७ पासूनची. त्यापूर्वी सारे ब्रिटिश प्रजाजन. १९६४ साली पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी नव्या ध्वजाचा प्रश्न काढला, आणि देशात भाऊबंदकी माजली. विरोधी पक्षनेते डिफेनबेकर ब्रिटिश खूण असलेला लाल झेंडा सोडायला तयार नव्हते. अखेर १५ डिसेंबरच्या रात्री दोन वाजता १६३ विरुद्ध ७८ मतांनी मेपलचे लाल पान संमत झाले आणि १५ फेब्रुवारी १९६५ रोजी ते फडकले. ज्या ध्वजासाठी एवढे रण माजले, तोच आज परदेशी फिरणारी पोरे पाठीवरच्या पिशवीवर हौसेने शिवून घेतात.

राष्ट्रगीताची कथा माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला अधिक मोह घालते. ते जन्मले १८८० साली क्वेबेकमध्ये, फ्रेंच भाषेत. आज म्हटले जाणारे इंग्रजी गीत १९०८ च्या रचनेवरून आलेले, आणि ते मुळी फ्रेंचचे भाषांतर नव्हेच! फ्रेंच गीतात तलवार आणि क्रूस आहे; इंग्रजीत त्यांचा पत्ता नाही. चाल एक, शब्द वेगळे, भाव वेगळे. अधिकृत मान्यता मिळाली १९८० साली; आणि इंग्रजी गीतातल्या ‘पुत्रां’च्या जागी ‘आपण सारे’ यायला २०१८ उजाडले. अशा दोन सुरांचे घर एकत्र राहणे सोपे नसते. १९९५ साली क्वेबेकने वेगळे व्हावे की काय यावर मत घेतले, तेव्हा ‘नको’ म्हणणारे निघाले अवघे ५०.५८ टक्के.

बर्फ, कॉफी आणि दवाखाना

मग या घराला बांधून कोण ठेवते? एक म्हणजे हॉकी. आपली ध्यानचंदांची नव्हे, बर्फावरची. १९७२ च्या सप्टेंबरात मॉस्कोत रशियाशी आठवा, निर्णायक सामना होता. शाळांतून वर्ग थांबवून मुलांना दूरदर्शनपुढे बसवले होते. चौतीस सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने गोल केला. त्या क्षणी आपण कुठे होतो, हे त्या पिढीचा माणूस अजून सांगतो.

दुसरी कॉफी. टिम हॉर्टन या हॉकीपटूच्या नावाने १९६४ साली हॅमिल्टनमध्ये एक दुकान निघाले. आज ते गावोगावचा नाका झाले आहे. दोन क्रीम, दोन साखर घातलेल्या कॉफीला तिथे ‘डबल-डबल’ म्हणतात, आणि हा शब्द २००४ साली कॅनडाच्या ऑक्सफर्ड कोशात जाऊन बसला. हेच दुकान १९९५ पासून काही वर्षे अमेरिकन कंपनीच्या मालकीचे होते. पण घोट घेताना सातबारा कोण पाहतो!

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. २००४ साली राष्ट्रीय दूरदर्शनने ‘सर्वश्रेष्ठ कॅनेडियन’ कोण, असा कौल घेतला. लोकांनी निवडला तो सेनापती नव्हे, खेळाडूही नव्हे. त्यांनी निवडले टॉमी डग्लस यांना. सॅस्कॅचेवान प्रांतात १९६२ साली सर्वांसाठी सरकारी वैद्यकीय विमा आला, तो त्यांच्या खटपटीमुळे. तो सुरू होताच डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला होता. शेजाऱ्याच्या आजारपणाचे बिल आपण सारे मिळून भरू, याचा अभिमान बाळगणारे राष्ट्र मला तरी थोर वाटते.

मोठी माफी

पण नुसत्या सभ्यतेवर भुलू नये. पायावर पाय पडल्यावरची माफी स्वस्त असते. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ जहाजातून ३७६ हिंदी माणसे, बहुतेक पंजाबी शीख, व्हँकुव्हरला पोहोचली. त्यांतल्या मोजक्यांखेरीज कोणाला उतरू दिले नाही. दोन महिने बंदरात ताटकळत ठेवून जहाज परत धाडले. त्याची माफी कॅनडाच्या संसदेत मागितली गेली ती २०१६ साली. तिथल्या मूळ रहिवाशांची दीड लाखांहून अधिक मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबली गेली. त्यांची भाषा त्यांच्या जिभेवरून पुसण्यासाठी मार दिला गेला. हजारो मुले परत आलीच नाहीत. त्याची माफी आली २००८ साली. मातृभाषा शिकवण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला हे वाचून घास गोड लागत नाही.

माफीने गेलेली मुले परत येत नाहीत. तरीही २०२१ पासून ३० सप्टेंबर हा त्या मुलांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस झाला आहे. त्या दिवशी लोक नारिंगी सदरे घालतात. १ जुलैला अभिमानाचा लाल रंग, आणि तीन महिन्यांनी लज्जेचा नारिंगी. आपल्या पंचांगात असा दिवस कोणता, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

२०२५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडाला ‘एक्कावन्नावे राज्य’ म्हटले, जकाती लादल्या, तेव्हा या सौम्य लोकांनी एकदम कोपरे वर केली. ‘एल्बोज अप’ हा हॉकीतलाच बोल घरोघर घोषणा झाला आणि अनेक प्रांतांच्या सरकारी दुकानांतून अमेरिकन दारू फळीवरून खाली आली. ‘सॉरी’ म्हणणारा भित्रा असतो, हा गैरसमज त्या वर्षी दूर झाला.

एक गोष्ट सांगून संपवतो. २००८ पासून कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे समालोचन पंजाबीत होते. १९१४ साली ज्यांच्या भाईबंदांना धक्क्यावरून परत लोटले, त्यांच्या बोलीत आज त्या देशाचा सर्वांत लाडका खेळ घुमतो आहे. परिस्थितीत जेवढे जमेल तेवढे कॅनेडियन, असे ते रेडिओवरचे उत्तर होते. परिस्थिती बदलता येते, हे त्या उत्तरात नव्हते. ते पुढच्या पिढ्यांनी लिहिले.