हिशेबाची किल्ली कोणाच्या हातीं?

जमाखर्चाच्या वह्या आपल्याच तिजोरींत असाव्यात, हा आपल्याकडील जुन्या पेढ्यांचा दंडक होता. मुनीम बदलला तरी रोजमेळ व खतावणी पेढीवरच राहत. दुसरा जाणता मनुष्य त्याच वह्या पुढें चालवी. आतां वहीची जागा संगणकानें घेतली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवाकर सुरू झाला आणि तोंवर ज्यांनीं चोपडी सोडली नव्हती, त्यांपैकीं पुष्कळांस संगणकापुढें बसावें लागलें. तथापि एक प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं: ज्या आज्ञावलीवर आपला हिशेब चालतो, तिची किल्ली कोणाच्या हातीं आहे?

जालना जिल्ह्यांतील वाचकांस हें समजण्यास बियाण्याचा दाखला पुरेसा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यास ‘महिको’ ही कंपनी काढून संकरित बियाणें शेतकऱ्यांच्या दारीं नेलें. १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्यानें उत्पन्न वाढतें, हें खरें. परंतु त्याच्या पिकांतून राखलेलें बीं पुढील वर्षीं त्याच गुणाचें उगवत नाहीं, म्हणून दर हंगामास नवी पिशवी घ्यावी लागते. उलट घरच्या देशी जोंधळ्याचीं निवडक कणसें राखलीं, तर तींच पुढील पेरणीस चालतात, आणि शेजाऱ्यासही पायलीभर देतां येतात.

आज्ञावल्यांचेही असेच दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत आपणांस केवळ वापरण्याचा परवाना मिळतो. आंतील रचना गुप्त असते, आणि पुष्कळदां दरवर्षीं परवान्याचे पैसे भरावे लागतात. दुसऱ्या प्रकारास ‘मुक्तस्रोत’ म्हणतात. तिची मूळ संहिता उघडी असते. ती वापरावी, अभ्यासावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी, अशी चारही प्रकारची मोकळीक असते. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं या चळवळीचा पाया घातला. १९९१ सालीं फिन्लंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’चा गाभा जगापुढें ठेवला. आज अँड्रॉइडच्या मोबाइलच्या मुळाशीं तोच गाभा आहे. म्हणजे ज्यांनीं हें नांवही ऐकलें नाहीं, तेही तो रोज वापरीत आहेत.

व्यापाराच्या दृष्टीनें महत्त्वाचें उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. रुषभ मेहता हे घरच्या फर्निचरच्या धंद्यांत असतां त्यांस सोयीच्या आज्ञावलीची उणीव भासली, आणि त्यांतून ‘ईआरपीनेक्स्ट’ निर्माण झालें. खरेदी, विक्री, गोदामांतील साठा, कारखान्याचें उत्पादन व जमाखर्च हीं सर्व त्यांत एकत्र ठेवतां येतात. जालन्यांतील बियाण्याच्या व्यापाऱ्यास प्रत्येक लॉटचा क्रमांक व मुदत सांभाळावी लागते. लोखंडी सळयांच्या कारखानदारास किती भंगार भट्टींत गेलें व किती माल निघाला, याचा मेळ हवा असतो. दोघांच्या गरजा एक नाहींत. संहिता उघडी असल्यामुळें प्रत्येकास आपल्या मापाचा अंगरखा शिवून घेतां येतो, आणि एका शिंप्याशीं बिनसलें तर दुसऱ्याकडे जातां येतें.

परंतु मुक्त म्हणजे फुकट नव्हे. परवान्याचे पैसे वांचले, तरी मांडणी करणें, जुना हिशेब नव्यांत आणणें, देखरेख ठेवणें यांस मोल द्यावेंच लागतें. हें मोल जिल्ह्यांतीलच एखाद्या शिकलेल्या तरुणाच्या पदरीं पडूं शकतें, हा त्यांतील विशेष. ज्यांचें दुकान लहान आहे व प्रचलित आज्ञावलीनें काम सुरळीत चालतें, त्यांनीं उगाच घाई करूं नये. प्रथम पत्रव्यवहार व तक्ते यांसाठीं ‘लिबरऑफिस’ वापरून पाहावें. तें विनामूल्य मिळतें. मुंबईच्या आय. आय. टी.नें चालविलेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमांत त्याचे पाठ मराठींतही आहेत. हिशेब हलवावयाचाच असेल, तर १ एप्रिलचा मुहूर्त साधावा आणि निदान तीन महिने जुनी व नवी दोन्ही पद्धति जोडीनें चालवाव्यात.

आज्ञावली कोणतीही असो, दोन गोष्टी मात्र प्रत्येक पेढीनें पाळाव्यात. वस्तु व सेवाकराच्या कायद्यानें हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. परवाना संपल्यावरही तो उघडून वाचतां येईल काय, सर्व नोंदी साध्या तक्त्यांत बाहेर काढतां येतात काय, हें आधीं पाहून घ्यावें. आणि त्यांची एक प्रत दर आठवड्यास निराळ्या ठिकाणीं ठेवावी. दुसरी गोष्ट एकत्र कुटुंबांस विशेष लागू आहे. घरांतील संगणक शिकलेल्या पुतण्यास किंवा सुनेस हें काम अवश्य सोंपवावें. परंतु परवलीचे शब्द व रीत किमान दोघांस ठाऊक असावी. एकाच माणसास सर्व माहीत असणें, हाही कुलूपबंद कारभारच होय. वाटणीच्या किंवा अडचणीच्या वेळीं घरांतील प्रत्येक भागीदारास हिशेब उघडून पाहतां आला, तरच ती वही घरची म्हणावयाची.