कागदासाठी हवा मोजतो, माणसासाठी कधी?

नाशिक रोड म्हणजे प्रेसचे गाव. इंडिया सिक्युरिटी प्रेस इथे १९२५ मध्ये सुरू झाली, करन्सी नोट प्रेस १९२८ मध्ये. छपाईच्या धंद्यातली एक गोष्ट जुनी आहे: कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि मग एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नाही. म्हणून चांगल्या छापखान्यात हवा कागदाला मानवेल अशी राखतात. कार्यालयात आठ तास बसणाऱ्या माणसाला काय मानवते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

हिशेब कोणाचा?

डॅनिश शास्त्रज्ञ फँगर यांनी १९७० मध्ये सुखद तापमानाचे गणित मांडले आणि वातानुकूलित इमारतींचे जागतिक मापदंड त्यावर उभे राहिले. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्यातली उणीव दाखवली. शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेचा गृहीत आकडा चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचा होता. स्त्रियांसाठी तो ३५ टक्क्यांपर्यंत जास्त ठरू शकतो. एसीच्या झोताखाली शाल पांघरून काम करणाऱ्या बाईंची तक्रार म्हणजे नाजूकपणा नव्हे; त्यांचा हिशेबच कोणी केलेला नसतो.

आपल्याकडचा हिशेब अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी केला. देशाच्या पाच हवामान विभागांतल्या १६ कार्यालयीन इमारतींत, तीन ऋतूंमध्ये त्यांनी ६,३३० प्रतिसाद गोळा केले. त्यातून २०१४ मध्ये सूत्र निघाले आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने ते स्वीकारले. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतीत, बाहेरची मागच्या काही आठवड्यांची सरासरी ३० अंश असेल तर आत २९ अंशही सुखद वाटतात. सरासरी २० असेल तर साडेतेवीस पुरतात. कारण शरीर ऋतूशी जुळवून घेते. आपण सुती कपडे घालतो, पंखा वाढवतो, खिडकी उघडतो. पंख्याचा वारा अंगाला लागला की हवा दोन-तीन अंशांनी थंड भासते. रेग्युलेटर आपल्या हाताशी असला की थोडा उकाडाही सुसह्य होतो.

भिंती पाडल्या, बोलणे घटले

ताबा आपल्या हाती असावा, हाच नियम जागेच्या मांडणीलाही लागू पडतो. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये कामाप्रमाणे हलवता येतील असे टेबल-पार्टिशनचे संच आणले. खर्च वाचवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचीच ठरीव खोपटी केली. पुढे पार्टिशनही काढून मोकळी दालने आली. मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासात, मोकळ्या मांडणीत गेलेल्या दोन कंपन्यांत समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. सतत सगळ्यांच्या नजरेखाली असलेला माणूस गप्प होतो. एकाग्रतेला आडोसा लागतो आणि चर्चेला वेगळी खोली.

आपल्याकडे काय करता येईल?

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकला वर्षातले बरेच महिने खिडकी उघडी ठेवून काम करता येते. एसी उन्हाळ्यापुरता ठेवावा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली द्यावी. प्रत्येक पंख्याला वेगळे बटण असावे. टेबल खिडकीला काटकोनात लावले तर उजेड मिळतो आणि स्क्रीनवर चकाकी येत नाही. उंची बदलणाऱ्या खुर्च्या, सरकवता येणारी टेबले आणि भरपूर प्लग असले की नवे काम आले तरी फोडाफोड करावी लागत नाही. विभागीय आयुक्त कार्यालय नाशिक रोडलाच आहे, तिथे पाच जिल्ह्यांतून लोक येतात. अशा प्रत्येक कार्यालयात अभ्यागतासाठी बसायला बाक, प्यायला पाणी आणि व्हीलचेअर जाईल एवढी वाट हीसुद्धा अंतर्गत रचनाच आहे.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. फॉल्स सीलिंगचे अंदाजपत्रक करण्याआधी तिथे बसणाऱ्यांना विचारावे: कुठे उकडते, कुठे गार पडते, कुठे लक्ष लागत नाही? काम झाल्यावर सहा महिन्यांनी, ऋतू बदलला की, तेच प्रश्न पुन्हा विचारावेत आणि उत्तरांप्रमाणे बदल करण्यासाठी थोडा निधी आधीच राखून ठेवावा.