गाईच्या ढेकरातून किती चारा उडून जातो?

गाय दावणीला बसून निवांत रवंथ करू लागली, की घरच्यांना समाधान वाटते. पण रवंथ करताना ती अधूनमधून जो ढेकर देते, त्याबरोबर आपल्या वैरणीचा काही हिस्सा हवेत निघून जातो. तो वायू म्हणजे मिथेन. गोबरगॅसच्या शेगडीत निळ्या ज्योतीने जळतो, तोच हा. शेगडीतला आपला स्वयंपाक करतो, ढेकरातला मात्र फुकट जातो.

जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातील एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा अशी वाया जाते. शिवाय हा वायू पृथ्वीची उष्णता वाढवतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २८ पट आहे.

वायू होतो कसा?

गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव चारा आंबवतात. कडबा, भुसा असा तंतुमय चारा आंबताना हायड्रोजन जास्त सुटतो. काही सूक्ष्म जीव त्यापासून मिथेन बनवतात. खुराकातील धान्य आंबताना हायड्रोजनचा बराचसा भाग दुसरीकडे वापरला जातो, म्हणून मिथेन कमी होतो. मात्र केवळ धान्याचा मारा केला, तर पोटात आम्लता वाढून जनावर आजारी पडते.

मोजतात कसा?

पहिली रीत बंद खोलीची. गाईला हवाबंद खोलीत काही दिवस ठेवतात. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासली, की फरकावरून मिथेन कळतो. मोजमाप अचूक, पण खर्चिक. गाय गोठ्यातल्यासारखी मोकळीही राहत नाही.

दुसरी रीत १९९४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूची छोटी नळी गाईच्या पोटात सोडतात. तिच्यातून रोज किती वायू झिरपतो, हे आधीच वजन करून ठरवलेले असते. गाईच्या म्होरकीला बारीक नळी आणि गळ्याला हवा काढून टाकलेला डबा बांधतात. दिवसभर नाकाजवळची हवा त्यात हळूहळू भरते. डब्यात दोन्ही वायूंचे प्रमाण पाहिले, की एकावरून दुसऱ्याचा हिशेब लागतो. गाय आपली चरायला मोकळी!

आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने याच पद्धतीने शेतकऱ्यांच्या जनावरांवर मोजमाप केले. घरचाच चारा, पण पेंड आणि खनिजे गरजेप्रमाणे जुळवून दिली, तेव्हा एक किलो दुधामागे मिथेन १० ते १५ टक्क्यांच्या आसपास घटला.

लिटरमागे हिशेब करा

उदाहरण घ्या. एक गाय दिवसाला २०० ग्रॅम मिथेन सोडते आणि ५ लिटर दूध देते. लिटरमागे ४० ग्रॅम झाले. दुसरी २६० ग्रॅम सोडते, पण दूध १० लिटर. लिटरमागे फक्त २६ ग्रॅम! अर्धपोटी, कमी दुधाची चार जनावरे बाळगण्यापेक्षा नीट पोसलेली दोन बरी, ती यासाठी. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आपण काय करावे?

मिथेन मोजण्याचे यंत्र आपल्या घरी नाही, पण तागडी आणि दुधाचे माप आहे.

१. गाईला वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा-खुराक लागतो. ४०० किलोच्या गाईला १० ते १२ किलो. हिरव्या चाऱ्यात पाणी फार, ते वजा धरावे.

२. निव्वळ कडब्यावर गाय ठेवू नये. जोडीला हिरवा मका, लसूणघास किंवा चवळी द्यावी. ओला लसूणघास एकदम भरपूर घालू नये, पोटफुगी होते.

३. कडबा कुट्टी करूनच घालावा, नासाडी कमी होते.

४. पेंड दुधाच्या प्रमाणात द्यावी. खनिज मिश्रण रोज द्यावे. पाणी सदैव समोर असावे.

५. चारा बदलायचा तर १० ते १५ दिवसांत हळूहळू बदलावा. पोटातील जीवाणूंनाही सवय लागावी लागते.

भगिनींनो, गोठ्याचा निम्माअधिक भार आपल्यावरच असतो. एक वही गव्हाणीजवळ टांगा. आज काय घातले आणि किती दूध निघाले, एवढेच लिहा. त्याच चाऱ्यात दूध वाढू लागले, तर लिटरमागचा मिथेन घटला असे खुशाल समजा.