कट्यारीची खूण

ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी शब्दकोशात काही शब्दांच्या आधी कट्यारीच्या आकाराची एक बारीक खूण छापलेली आढळते; तिचा अर्थ इतकाच, की हा शब्द आता प्रचारातून गेला. शब्द गेला तरी त्याची नोंद मात्र गेलेली नाही; तो प्रथम कोणत्या साली कोणाच्या लेखणीतून उतरला, पुढे त्याने कोणकोणते अर्थ धारण केले आणि अखेरचा कोणत्या ग्रंथात दिसला, याचा तारीखवार पुरावा त्याच्याखाली उताऱ्यांसह मांडलेला असतो. ज्या शब्दांचा चालू व्यवहाराला काडीइतका उपयोग उरलेला नाही, त्यांच्यापायी एवढे श्रम का वेचावेत, असा प्रश्न व्यवहारी मनुष्याला पडणे स्वाभाविक आहे.

इंग्रजी कोशकारांनाही हे श्रम आरंभापासून मान्य नव्हते. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री याने सिद्ध केलेल्या पहिल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचाच समावेश होता. त्यानंतर दीड शतकाने, लंडनच्या गफ स्क्वेअरमधील घरात सहा कारकून हाताशी घेऊन डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी बेचाळीस हजारांवर शब्दांचा जो कोश १७५५ साली प्रसिद्ध केला, त्याच्या आरंभी भाषा एका जागी स्थिर करावी अशी त्यांची उमेद होती. परंतु काम संपता संपता, भाषेचा ओघ कोणत्याही कोशकाराच्या हुकुमाने थांबत नाही, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळ्या मनाने मान्य केले, आणि मला तरी त्यांची थोरवी त्या कबुलीत अधिक दिसते. क्षुद्र, मूर्ख मनुष्य या अर्थाचा ‘फॉपडूडल’ हा गमतीदार शब्द त्यांच्याच कोशात आढळतो.

खरा पालट झाला तो १८५७ साली, जेव्हा वेस्टमिन्स्टरचे डीन रिचर्ड ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे निबंध वाचून, कोशकार हा न्यायाधीश नसून इतिहासकार आहे आणि म्हणून मृत शब्दांची उपेक्षा करण्याचा त्याला अधिकार नाही, असे प्रतिपादन केले. या तत्त्वावर नवा कोश, म्हणजेच आरंभी उल्लेखिलेला ऑक्सफर्डचा कोश, रचण्यासाठी शेकडो स्वयंसेवक वाचकांनी जुने ग्रंथ चाळून उतारे चिठ्ठ्यांवर टिपून पाठविले. १८७९ साली जेम्स मरे यांनी संपादकत्व पत्करले, तेव्हा हे दप्तर अस्ताव्यस्त विखुरलेले होते. ‘पी’ अक्षराच्या काही चिठ्ठ्या आयर्लंडमधील एका तबेल्यात सापडल्या, आणि त्यांतल्या कित्येक विस्तव पेटविण्यात खर्ची पडल्या होत्या. पुढे दक्षता बाळगूनही दासी या अर्थाचा ‘बाँडमेड’ हा शब्द चिठ्ठ्या गहाळ झाल्यामुळे कोशातून सुटला, तो १९३३ च्या पुरवणीत दाखल झाला. मुख्य कोश १९२८ साली पुरा झाला. मरे १९१५ सालीच निवर्तले होते.

निव्वळ नाहीसे झालेले शब्द वाचकाला फसवीत नाहीत. ‘ओव्हरमॉरो’ हा सोळाव्या शतकातला शब्द अनोळखी वाटला, की आपण कोश उघडतो आणि त्याचा अर्थ ‘उद्यानंतरचा दिवस’ असा कळतो. आपण सहजी ‘परवा’ म्हणतो तेथे आजच्या इंग्रजाला चार शब्द जुळवावे लागतात, तेव्हा हा शब्द टिकावयास हवा होता असे वाटल्यावाचून राहत नाही. ‘सेनाइट’ म्हणजे सात रात्री, अर्थात आठवडा, हाही मागे पडला. त्याचा जोडीदार ‘फोर्टनाइट’ मात्र टिकला.

खरा धोका आहे तो ज्यांचे रूप कायम राहिले आणि जुना अर्थ तेवढा लोपला अशा शब्दांचा. ‘सिली’ म्हणजे एके काळी सुखी, धन्य. त्यावरून निष्पाप, मग दुबळा, दयनीय आणि शेवटी मूर्ख अशी त्याची अधोगती झाली. ‘नाइस’चा प्रवास नेमका उलट, अज्ञानी या अर्थापासून चोखंदळ आणि सूक्ष्म या पायऱ्यांनी छान या अर्थाकडे झाला. ‘डिअर’ म्हणजे पूर्वी कोणताही पशू. म्हणूनच ‘किंग लिअर’मध्ये वेड्याचे सोंग घेतलेला एडगर उंदीर-घुशींना त्या वर्गात घालतो, तेव्हा तेथे हरिणाचा संबंध नसतो. ‘हॅम्लेट’मध्ये पिशाच्चामागे जाऊ पाहणारा राजपुत्र, त्याला आवरून धरणाऱ्या सोबत्यांना धमकावताना ‘लेट’ हे क्रियापद वापरतो, ते अडविणे या अर्थाने. आज त्याच रूपाचा अर्थ जाऊ देणे असा होत असल्यामुळे, कोश न पाहणारा वाचक नेमका विपरीत अर्थ लावून मोकळा होतो. टेनिसच्या खेळात सर्व्हिसचा चेंडू जाळीला अडखळून पलीकडे पडला की पुकारला जाणारा ‘लेट’ हा त्याच जुन्या क्रियापदाचा अवशेष.

ट्रेंच यांनी निबंध वाचला त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पेशवाईतील कागदपत्रे वाचणाऱ्याला तिच्यातील अनेक लुप्त शब्द आजही हात देतात; पण तारखांनिशी साधार उतारे देण्याची व्यवस्था तीत नाही, आणि मराठीच्या अभ्यासकाला ही उणीव पदोपदी जाणवते. शेक्सपिअर वाचावयास घेणाऱ्या आपल्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की खिशातल्या कोशावर विसंबू नका. ओळखीच्या शब्दाचाही अर्थ मोठ्या कोशात काढा, आणि त्यापुढील साल पाहिल्यावाचून तो स्वीकारू नका.